बंद पाकिटातला आकडा

नोकरीची एकतीस वर्षं मी एका सरकारी कचेरीच्या हिशेब शाखेत काढली, त्यातली एकोणीस टेंडरच्या पेटीशेजारी. पेटी लोखंडी, तिला दोन कुलपं, वर पाकीट आत जाईल एवढीच फट. ठरल्या दिवशी दुपारी तीन वाजता कंत्राटदारांसमोर ती उघडायची, पाकिटांवरची लाख शाबूत असल्याचं सर्वांना दाखवायचं, बयाणा रक्कम जोडली आहे का ते बघायचं आणि मग एकेक आकडा मोठ्याने वाचायचा. वाचणारा मी. पहिली दोन-तीन वर्षं आकडे नुसते आकडे वाटत. पुढे असं होऊ लागलं की नाव वाचायच्या आधी आकड्यावरूनच माणूस कळायचा. कुणी अंदाजपत्रकाच्या ठरावीक टक्के खाली भरणार, कुणी पैशापर्यंत हिशेब मांडणार, कुणाच्या हाताला त्या वर्षी काम नाही हे त्याच्या आकड्याच्या घसरणीतच दिसणार. गोल आकडा भरणाऱ्यांबद्दल तर माझं मत पक्कं झालं होतं: यांनी हिशेब केलेलाच नाही, झोपेतून उठून लिहिलं आहे.

निवृत्तीनंतर पेटीशी संबंध संपला असं वाटलं होतं. पण गेले दोन उन्हाळे दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याच्या ओसरीवर दर रविवारी रात्री दहाला पुन्हा एक पेटी उघडते. पेटी म्हणजे पोळ्यांचा स्टीलचा डबा. त्याच्या झाकणाला कुणीतरी फट पाडून घेतली आहे. भोवती दहा मुलंमुली, निम्मी मराठी, निम्मी गुजराती, आणि सगळ्यांची भाषा बडोद्याची, म्हणजे कुठलं वाक्य कुठल्या भाषेत सुरू होऊन कुठल्या भाषेत संपेल याचा नेम नाही. एकजण म्हणतो, "चालो, खोलो," आणि डबा उघडतो. चिठ्ठ्यांवर क्रिकेटपटूंची नावं, नावापुढे आकडा. आमच्या कचेरीत काम सर्वांत लहान आकड्याला मिळायचं, इथे खेळाडू सर्वांत मोठ्या आकड्याला मिळतो. बाकी तेच सारं. आकडा वाचला जाईपर्यंतची शांतता तीच, आणि वाचून झाल्यावरचं "अरेरे"ही तेच.

या मंडळींनी दोन मोसमांच्या अनुभवावरून हे पुस्तक लिहिलं आणि प्रस्तावनेसाठी माझ्याकडे आली. मी म्हटलं, क्रिकेटवर लिहायला बडोद्यात जाणत्यांची वानवा नाही. तेव्हा त्यांच्यातली सर्वांत धाकटी म्हणाली, "क्रिकेटवर नको काका, पाकिटावर लिहा." तेवढा अधिकार मला आहे, म्हणून लिहितो.

आधी खेळ नीट सांगायला हवा, कारण 'फँटसी' म्हटलं की आपल्याकडे मोबाइलवरची जाहिरात डोळ्यांसमोर येते. त्या प्रकारात सामन्याआधी अकरा जणांचा संघ निवडायचा असतो आणि एकच हार्दिक पंड्या एकाच वेळी लाखो लोकांच्या संघात असू शकतो. तिथे खेळाडूची टंचाई नाही आणि टंचाई नाही म्हणून बोलीही नाही. या पुस्तकातला खेळ जुना आणि वेगळ्या घराण्यातला आहे. त्यात दहा-बारा ओळखीच्यांची एक लीग असते. मोसमाच्या तोंडावर त्यांचा लिलाव होतो आणि एक खेळाडू एकाच संघात जातो. तो माझ्याकडे असला तर तुमच्याकडे नाही. मैदानावर तो जे करील त्याचे गुण मोसमभर माझ्या खात्यावर.

हे घराणं बेसबॉलचं. डॅनियल ओक्रंट या अमेरिकन लेखक-संपादकाने आपल्या मित्रांना जमवून १९८० च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला असा पहिला लिलाव केला. ही मंडळी 'ला रोटिसरी फ्रान्सेज' नावाच्या खानावळीत जेवायला जमत, म्हणून खेळाचं नाव पडलं रोटिसरी. आज तिथल्या अशा लीगमध्ये साधारणपणे प्रत्येकाला २६० खोटे डॉलर मिळतात आणि त्यांत २३ खेळाडू घ्यायचे असतात. पण बेसबॉलचा मोसम सहा महिन्यांचा, एकेका संघाचे १६२ सामने. एवढ्या काळात कुणाचा खांदा दुखावतो, कुणाचा हात बसतो, खालच्या संघातून नवी पोरं वर येतात. मोसमाच्या आरंभी घेतलेला संघ शेवटपर्यंत जसाच्या तसा राहिला असं कधी होत नाही. मग नजर वळते ती ज्यांना कुणीच घेतलेलं नाही अशा खेळाडूंकडे. इंग्रजीत त्यांना फ्री एजंट म्हणतात. पुस्तकात त्यांच्यासाठी 'मोकळा खेळाडू' हा शब्द वापरला आहे आणि तो मला आवडला, कारण बडोद्याला त्याच्या उलट शब्द फार चांगला माहीत आहे: पदरी असलेला.

संस्थानी काळात खेळाडू पदरी असत. गवई पदरी असत, मल्ल पदरी असत, तसेच क्रिकेटपटू. विजय हजारे सांगलीचे; महाराष्ट्राकडून खेळले, मध्य भारताकडून खेळले आणि मग बडोदा संस्थानच्या सेवेत आले ते कायमचेच इथले झाले. २००४ च्या डिसेंबरात ते वारले तेही बडोद्यातच. गुल महंमद लाहोरचे, अमीर इलाहीही लाहोरचे. सी. एस. नायडू काही वर्षं बडोद्याकडून खेळले आणि पुढे होळकरांकडे गेले, जिथे थोरले बंधू सी. के. नायडू होतेच. म्हणजे इंदूर आणि बडोदं या दोन मराठी दरबारांमध्ये चांगल्या खेळाडूसाठी चढाओढ होती. फक्त बोली पैशांत सांगितली जात नसे. हुद्दा, पगार, घर आणि म्हातारपणाची निश्चिंती, असा तो भाव होता.

त्या चढाओढीचा कळस १९४६-४७ च्या रणजी अंतिम सामन्यात झाला. आदल्याच वर्षी होळकर संघाने बडोद्याला अंतिम फेरीत हरवलं होतं. या वेळी सामना बडोद्यात. होळकर २०२ त गुंडाळले गेले आणि बडोद्याचे ३ बाद ९१ झाले असताना हजारे आणि गुल महंमद एकत्र आले. त्यांनी ५७७ धावा जोडल्या. गुल महंमद ३१९, हजारे २८८. बडोद्याच्या ७८४ झाल्या आणि सामना एक डाव आणि ४०९ धावांनी जिंकला. प्रथम श्रेणी क्रिकेटमधली ती सर्वांत मोठी भागीदारी २००६ पर्यंत टिकली. मग संगकारा आणि जयवर्धनेने कोलंबोत ६२४ ची केली. चौथ्या गड्यासाठी मात्र तो विक्रम अजून बडोद्याचाच आहे. सांगलीचा एक आणि लाहोरचा एक. दोघांना इथे आणून ठेवलं ते दरबारी आश्रयाने, ही गोष्ट धावफलकात छापलेली नसते.

पदरी असण्यात सुरक्षितता होती तशी बेडीही होती, आणि ती अमेरिकेत फार दिवस टिकली. तिथल्या करारांत असं कलम होतं की मुदत संपली तरी खेळाडूवर हक्क त्याच संघाचा. १९६९ मध्ये कर्ट फ्लड याने न विचारता केलेली आपली बदली नाकारली, दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला आणि १९७२ मध्ये तो हरला. पण १९७५ च्या डिसेंबरात लवाद पीटर साइट्झ यांनी अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन गोलंदाजांच्या बाजूने निकाल दिला आणि खेळाडू खऱ्या अर्थाने मोकळा झाला. ओक्रंटचा खेळ त्यानंतर पाच वर्षांच्या आत जन्मला. ज्या देशात खेळाडू नुकताच मोकळा झाला होता, तिथे त्याच्यावर घरबसल्या खोटी बोली लावायची कल्पना सुचली, यात मला नवल वाटत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. मोसमाच्या मध्यावर एक मोकळा खेळाडू अचानक चमकला आणि दहाही संघांना तो हवा आहे. द्यायचा कुणाला? पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात तीन रीती सांगितल्या आहेत. एक, जो आधी मागेल त्याला. यात खेळ कळणाऱ्यापेक्षा रात्री दोन वाजता जागा असणारा जिंकतो. दुसरी, गुणतक्त्यात जो तळाला त्याचा पहिला मान. ही दयाळू आहे, पण यात लोक मुद्दाम तळाला रेंगाळतात. तिसरी म्हणजे बंद बोली. मोसमाच्या सुरुवातीला प्रत्येकाला ठरावीक रक्कम, बहुधा १००. आठवडाभर कोण कुणावर किती लावतो हे कुणाला सांगायचं नाही. रविवारी रात्री सगळ्या बोली एकदम उघडायच्या. ज्याची मोठी त्याला खेळाडू, आणि तेवढी रक्कम त्याच्या शंभरातून कायमची वजा. हरलेल्याचं काही जात नाही. दोघांचा आकडा सारखा आला तर तक्त्यात खाली असेल त्याला.

न्यू जर्सीला असलेला माझा भाचा आपल्या ऑफिसातल्या बेसबॉल लीगमध्ये हेच खेळतो. त्याच्याकडून ही रीत बडोद्यात आली. इथे ती बसवताना मुलांनी हिशेब केला तो असा: आयपीएलचे दहा संघ, एकेकात जास्तीत जास्त २५ म्हणजे फार तर २५० खेळाडू. आमचे संघ गेल्या वर्षी अकरा, कारण अकरावा मी. प्रत्येकी १५ म्हणजे १६५. उरले ऐंशीच्या आसपास मोकळे. आयपीएल चालते साधारण नऊ आठवडे, म्हणजे डबा नऊदा उघडणार. चलन म्हणून प्रत्येकाला शंभर चिंचोके.

चिंचोके का, हे सांगायला हवं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, ड्रीम११ या फँटसी खेळाच्या कंपनीने पैशांच्या स्पर्धा बंद केल्या आणि भारतीय संघाच्या जर्सीवरून तिचं नाव उतरलं. आमची लीग त्याच्या आधीपासूनच बिनपैशाची होती. वाड्यातल्या एका आजींनी सुरुवातीलाच बजावलं होतं की ओसरीवर पैसा दिसला तर डबा परत न्यायचा. डबा त्यांचाच. मोसम संपला की सगळे वर्गणी काढून सेव-उसळ खातात आणि विजेत्याला पहिली प्लेट मिळते, एवढंच बक्षीस. हे पुस्तक पैशांच्या खेळासाठी वापरू पाहणाऱ्याने इथेच मिटावं. त्यात जे शिकण्यासारखं आहे ते चिंचोक्यांत पुरेपूर शिकता येतं.

उघडा लिलाव आणि बंद बोली यांतला फरक आपल्या घरांना नवा नाही. लिलावाच्या भिशीत ज्याला पैशांची निकड जास्त तो जास्त रक्कम सोडायला तयार होतो. तिथे समोरच्याचा चेहरा दिसतो. मुलीचं लग्न तोंडावर आलेला माणूस कितीपर्यंत जाईल याचा अंदाज बाकीचे बांधतात, कुणी उगाच ताणतो, कुणी वेळेवर थांबतो. आयपीएलचा लिलाव याच जातीचा. २० फेब्रुवारी २००८ ला मुंबईत पहिला झाला तेव्हा प्रत्येक संघाच्या थैलीत ५० लाख डॉलर होते. आमच्या ओसरीवरून मांडवी पायी जाण्याएवढी. तिथल्या जुम्मा मशिदीच्या आवारात वाढलेले दोघे भाऊ त्या दिवशी विकले गेले. धाकटा इरफान ९ लाख २५ हजार डॉलरला पंजाबकडे, थोरला यूसुफ ४ लाख ७५ हजारांना राजस्थानकडे. १ जूनला नव्या मुंबईतल्या अंतिम सामन्यात यूसुफने तीन गडी घेतले, ३९ चेंडूंत ५६ केल्या, सामनावीर ठरला आणि चषक राजस्थानचा. २०११ मध्ये कोलकात्याने त्याच यूसुफसाठी २१ लाख डॉलर मोजले. हार्दिक पंड्याचं तर त्याहून. २०१५ मध्ये मुंबईने त्याला १० लाख रुपयांच्या पायाभूत किमतीत घेतलं, दुसऱ्या कुणी हात वर केला नाही. सात वर्षांनी गुजरातने त्याला १५ कोटींना घेतलं. त्याच्या पहिल्या किमतीत फक्त एवढंच लिहिलेलं होतं की त्या दिवशी त्या खोलीत आणखी कुणाला तो नको होता.

उघड्या लिलावालाही कधी बंद पाकिटाची गरज पडते. २०१० मध्ये एका खेळाडूवर लावायची कमाल बोली साडेसात लाख डॉलर ठरलेली होती. किरॉन पोलार्डवर चार संघ त्या मर्यादेला जाऊन थडकले, तेव्हा त्यांना गुपचूप आकडा लिहून द्यायला सांगितलं आणि पोलार्ड मुंबईला मिळाला. २०१२ मध्ये रवींद्र जडेजावर चेन्नई आणि डेक्कन २० लाख डॉलरवर अडले आणि निकाल पुन्हा पाकिटाने लागला. ते आकडे बाहेर आले नाहीत. हात वर करून जे सांगता येत नव्हतं ते कागदावर लिहावं लागलं, यात सगळं आलं.

बंद बोलीचं सर्वांत भव्य रूप मात्र बेसबॉलमध्येच दिसलं. जपानी खेळाडू अमेरिकेत यायचा तर १९९८ पासून काही वर्षं असा नियम होता की अमेरिकन संघांनी त्याच्याशी नुसतं बोलण्याच्या हक्कासाठी बंद बोली द्यायची. सर्वांत मोठी बोली जिंकणार, पैसे त्याच्या जपानी संघाला जाणार, पगार वेगळा. २००० मध्ये इचिरोसाठी सिअॅटलची बोली होती १ कोटी ३१ लाख २५ हजार डॉलर. २००६ मध्ये डाइसुके मात्सुझाकासाठी बोस्टनचा आकडा उघडला तो ५,११,११,१११ डॉलर आणि ११ सेंट. त्याच मोसमात न्यूयॉर्कच्या यांकीजनी केई इगावासाठी २,६०,००,१९४ डॉलर लिहिले. शेवटचे १९४ कुठून आले? त्याने त्या वर्षी तेवढे फलंदाज स्ट्राइकआउट केले होते. कोट्यवधींच्या बोलीत कुणीतरी बसून हे शेपूट जोडलं, हे मला टेंडर कारकून म्हणून फार जवळचं वाटतं.

बोस्टनचा तो आकडा मी ओसरीवर वाचून दाखवला तेव्हा हशा पिकला, कारण तो आपल्याकडच्या आहेराच्या पाकिटातल्यासारखा होता. आपण ५० देत नाही, ५१ देतो. १०० नाही, १०१. मुलांनी पहिल्या मोसमातल्या चिठ्ठ्या जपून ठेवल्या होत्या. त्या चाळल्या तर ११, २१ आणि ५१ यांची नुसती रेलचेल. शकुनाचा रुपया आमच्या रक्तात इतका भिनला आहे की चिंचोक्यातही सुटत नाही. धाकटीने यावरून तिसऱ्या प्रकरणातला नियम काढला: आपल्या गावात ११ ची गर्दी असेल तर १२ लिहावं, २१ ची असेल तर २२. एक चिंचोका जास्त जातो, पण बरोबरीचा सगळा घोळका मागे पडतो. अमेरिकन पुस्तकात हा नियम सापडणार नाही. तिथली गर्दी वेगळ्या आकड्यांवर असते.

आता किती लिहावं? पुस्तकाचा गाभा हाच. पहिली गोष्ट अशी की खेळाडूची जी किंमत तुम्हाला वाटते ती जशीच्या तशी लिहायची नसते. ज्याची मोठी त्याने तेवढीच भरायची असेल, तर चाळीसचा वाटलेला खेळाडू चाळीसला घेऊन तुमच्या हाती फायदा काय उरला? न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले विल्यम विक्री यांनी १९६१ मध्ये याचं गणित मांडलं. सगळेच अंदाजात असतील आणि कुणाचं कुणाला ठाऊक नसेल, तर सोप्या मांडणीत चार बोलीदारांपैकी प्रत्येकाने आपल्या किमतीच्या तीन-चतुर्थांश लिहावं, दहा असतील तर नऊ-दशांश. म्हणजे चौघांत चाळीसच्या जागी तीस, दहा जणांत छत्तीस. स्पर्धक वाढले की आकडा खऱ्याच्या जवळ सरकतो. विक्री यांनी दुसरी रीतही सुचवली: मोठी बोली जिंकेल, पण भरायची दुसऱ्या क्रमांकाची रक्कम. मग खोटं लिहायचं कारणच उरत नाही. काही फँटसी लीग तशा चालतात. या कामासाठी १९९६ मध्ये त्यांना नोबेल जाहीर झालं आणि तिसऱ्या दिवशी ते वारले. ओसरीवर ही रीत सुचवली तेव्हा ती सर्वानुमते फेटाळली गेली. मुलांचं म्हणणं, मग अरेरे कोण म्हणणार?

दुसरी गोष्ट, खेळाडूची किंमत एकटी नसते. एक मोकळा गोलंदाज उरलेल्या मोसमात १२० गुण देईल असं वाटतं आणि दुसरा १००. सगळे पहिल्यावर तुटून पडतात. पण बोली लावायची ती १२० वर नव्हे, मधल्या वीस गुणांवर, कारण शंभर गुण दुसऱ्या गोलंदाजाच्या रूपाने एका चिंचोक्यात मिळणार आहेत. भाजी घेताना हे प्रत्येक गृहिणीला कळतं, संघ घेताना कुणालाच कळत नाही.

तिसरी, जिंकण्यातलीच खोट. १९७१ मध्ये तीन तेल अभियंत्यांनी दाखवून दिलं की समुद्रातल्या तेलक्षेत्रांचे लिलाव जिंकणाऱ्या कंपन्यांना मनाजोगता फायदा होत नाही. प्रत्येक जण अंदाज करतो, काहींचा कमी येतो, काहींचा जास्त, आणि लिलाव जिंकतो तो ज्याचा अंदाज सर्वांत जास्त चुकीचा वर गेला तो. पाकीट उघडल्यावर आपलं नाव वाचलं गेलं की आधी आनंद होतो. मग दुसऱ्या क्रमांकाचा आकडा वाचला जातो आणि पोटात खड्डा पडतो. कचेरीत हे मी उलट्या दिशेने पाहिलं आहे. सर्वांत कमी भरून काम मिळवलेल्या माणसाचा चेहरा, दुसऱ्याचा आकडा ऐकल्यावरचा.

चौथी गोष्ट वेळेची. पहिल्या आठवड्यात घेतलेला खेळाडू आठ आठवडे कामाला येतो, सातव्यात घेतलेला दोन. म्हणून लवकर खर्च केलेला बरा. पण लवकर कळतही कमी असतं. दोन डावांवरून माणूस ओळखता येत नाही. २०२५ मध्ये ऋतुराज गायकवाडचं कोपर दुखावलं आणि चेन्नईने विरारच्या सतरा वर्षांच्या आयुष म्हात्रेला ३० लाखांत बोलावलं. मोसमाआधीच्या लिलावात त्याच्यावर कुणाची बोली नव्हती. मे महिन्यात बेंगळुरूविरुद्ध त्याने ४८ चेंडूंत ९४ केल्या. असा मोहरा अर्धा मोसम गेल्यावर हाती येतो तेव्हा ज्याच्याजवळ चिंचोके उरलेले असतात त्याचीच चंगळ. आणि तरी शेवटच्या रविवारनंतर उरलेल्या चिंचोक्याची किंमत जेवून उठल्यावरच्या पत्रावळीइतकी. राखणं आणि उडवणं यांतली ही ओढाताण पुस्तकाने आठवड्यागणिक तक्त्यांत मांडली आहे. ते प्रकरण सर्वांत नीरस दिसेल, पण वगळू नका.

लेखकांशी माझा एक मतभेद नोंदवतो. बोलीचं कौशल्य म्हणजे खेळाडू ओळखणं, असं त्यांनी पहिल्या पानावर म्हटलं आहे. पेटीपाशी एकोणीस वर्षं बसलेला मी म्हणतो, खेळाडू सगळ्यांनाच सारखा दिसतो. ओळखायचा तो शेजारी चिठ्ठी लिहिणारा माणूस. याचा पुरावा म्हणून मोसम संपल्यावर मी पैज घेतली. चिठ्ठ्यांवरची नावं झाकून, अक्षर दिसू नये म्हणून दुसऱ्याकडून नुसते आकडे वाचून घ्यायचे आणि मी माणूस सांगायचा. बऱ्याच ओळखल्या. ज्याने पहिल्याच महिन्यात ऐंशी उधळले तो, जी प्रत्येक रविवारी तीन-तीन चिंचोक्यांवर नशीब अजमावते ती, जो हरला की पुढच्या आठवड्यात रागाने दुप्पट लिहितो तो. ओसरीवर माझा दबदबा वाढला.

मग धाकटी म्हणाली, आता काका, तुमची पाळी. त्या मोसमात मी तळाहून दुसरा होतो. दुसऱ्याच आठवड्यात एका डावावर भाळून एका फलंदाजावर ६० लावले होते, दुसरी बोली २२ ची निघाली, आणि तो फलंदाज तिसऱ्या आठवड्यात संघाबाहेर बसला. उरलेल्या चाळीसांत जे जे मागितलं ते ते एका चिंचोक्याने हुकलं. मी याला दुर्दैव म्हणत होतो. तिने माझ्या सगळ्या चिठ्ठ्या ओळीने मांडल्या: ६०, १५, २०, १०, ५, २०, १५. आणि त्यांच्याशेजारी जिंकलेल्या बोली: १६, २१, ११, ६, २१, १६.

"तुमचे सगळे आकडे पाचाने भागले जातात," ती म्हणाली. "तिसऱ्या आठवड्यापासून सगळ्यांना माहीत आहे."

गोल आकडा लिहिणाऱ्यांबद्दलचं माझं मत मी वर दिलंच आहे. ते मागे घेत नाही. पुस्तक वाचा, आणि चिठ्ठी लिहून झाली की डब्यात टाकण्याआधी एकदा स्वतःच मोठ्याने वाचून बघा.

दांडिया बाजार, बडोदे
गुढीपाडवा